चेन, कनवट आणि मॅक्सी

श्रावण लागला की माझ्या दुकानात नऊवारीच्या ऑर्डरी यायला लागतात. आधी मंगळागौर, मग गणपती, आणि तुळशीचं लग्न आटोपलं की लग्नसराई. मालवणच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. दोन मशीन, एक ओव्हरलॉक आणि ट्रायलसाठी भिंतीलगत पडदा लावून केलेला आडोसा. मुलगी येते आणि मोबाइल पुढे करते. त्यात कुठल्यातरी मालिकेतली नायिका, नाकात नथ, खांद्यावर शेला. "काकू, अशीच पेशवाई हवी." कुणाला पेशवाई, कुणाला ब्राह्मणी, कुणाला मस्तानी, कुणाला राजलक्ष्मी. यातली निम्मी नावं आम्हा शिवणाऱ्यांनीच पाडलेली आहेत. गिऱ्हाइकाला ती शिवकालापासून चालत आल्यासारखी वाटतात, आणि धंद्याच्या वेळी मी तरी कशाला तोंड उघडू?

शिवलेल्या नऊवारीला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. माझं घर त्यावर चालतं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. ते परकराशिवाय अंगावर चापूनचोपून बसवायचं तर सवय हवी, नाहीतर शेजारी एक जाणती बाई हवी. दोन्ही नसलेल्या पोरीने काय करायचं? मांडवात घाम पुसत गाठ सोडायची-बांधायची? त्यापेक्षा पायजम्यासारखी चढवली, नाडी ओढली, चेन लावली, नवरी तयार.

कटकट असते ती त्या चेनचीच. बाहेरून तयार मागवलेल्या नऊवाऱ्या माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्या बहुतेक याच पायी. धातूची चेन आणि लोखंडी हूक. आमच्या खाऱ्या हवेत एक पावसाळा कपाटात काढला की हुकाला गंज चढतो, त्याचा तांबूस डाग थेट काठावर उतरतो आणि चेन मध्येच अडून बसते. मी नायलॉनची चेन लावते आणि हुकाच्या जोडीला कापडी बंद देते. जरीचंही तसंच. साडी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवली की जर काळवंडते. जुन्या धुवट सुती कापडात गुंडाळा, घडी अधूनमधून मोडून वेगळी घाला, डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. प्रत्येकीला सांगते. ऐकतं कोण?

दुसरी मागणी खिशाची. "काकू, मोबाइल कुठे ठेवू?" मग उजव्या अंगाला, कमरपट्टीच्या आत, वीतभर खोल खिसा शिवून देते. नेसलेल्या लुगड्याला हा प्रश्न पडला नसता. माझ्या आजीच्या कमरेशी, गाठीच्या बाजूला, काठाची गुंडाळी करून केलेली कनवट असायची. तीत नाणी, चार घड्या घातलेली नोट, पानाची चंची. पदराच्या टोकाला कणगीच्या खोलीची किल्ली. आणि ओच्यात काय निघेल याचा नेम नाही. चैत्रात कैऱ्या, कधी सुरंगीची फुलं, एकदा तर कोंबडीचं पिल्लू निघालं होतं.

ती नेसायची ते मी पडवीत बसून पाहत असे. लुगडं पाठीमागून कमरेभोवती घ्यायचं आणि वरचे दोन काठ पुढे ओढून गाठ मारायची. गाठ मारताना ती पोट आत घेऊन श्वास धरून ठेवायची. मग पदर उजव्या काखेखालून काढून डाव्या खांद्यावर. उरलेल्या घोळाच्या निऱ्या बोटांवर भराभर पडायच्या, खोचल्या की त्यांचं केळं काढायचं. शेवटी खालचा काठ दोन पायांमधून मागे घेऊन, काठाला काठ जुळवून पाठीशी कासोटा. एवढं झालं की ती जमिनीवर उकिडवी बसायची आणि उठायची. बसताना जिथे ओढ बसेल तिथलं कापड बोटभर सैल करायचं, की झालं. ही उठबस मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पडद्याआड करायला लावते. मुली हसतात, पण चेन टिकणार की नाही ते तिथेच कळतं.

आजीचं तेच लुगडं भाताच्या लावणीला गुडघ्याच्या वर गेलेलं असायचं आणि संध्याकाळी देवळात पायघोळ. व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडायचा तर दोन खोच जास्त, पाहुणे आले तर दोन खोच कमी. शिवलेल्या नऊवारीला मात्र उंची एकच, ती मी टेपने मोजून ठरवते, आणि हल्ली ती फोटोत सँडल दिसावी की दिसू नये यावर ठरते. माझं म्हणणं आहे ते एवढ्यापुरतंच. आमच्या किनाऱ्यावर नेसण कामावरून ठरायची. त्या नेसणीची ऑर्डर माझ्याकडे एकही मुलगी देत नाही. किनाऱ्यावर जन्मलेल्या मुलीही मागतात ती घाटावरच्या वाड्यातली.

मासळी बाजारात मोठ्या वयाच्या काही जणी अजून तशी नेसलेल्या दिसतात. लुगडं पोटरीच्या वर, कासोटा करकचून, पदर पाठीवरून घेऊन कमरेला गुंडाळून खोचलेला. होडी लागली की पाण्यात शिरायचं, डोक्यावर पाटी, हाताला कोयती, मग पदर सावरायला तिसरा हात कुठून आणणार? रायगडकडच्या कोळणींची तऱ्हा वेगळी. घट्ट कासोट्याचं लुगडं, वर चोळी आणि अंगावर फडकी. खाली गोव्याकडे गेलात तर कुणबी बायकांचं लाल चौकड्यांचं आखूड कापड, त्याचं टोक खांद्यावर गाठ मारून बांधलेलं. गाठ मारली की शेतात कितीही वाका, काही घसरत नाही. आणि या सगळ्या किनाऱ्यावर घाट उतरून आलेली इरकली लुगडीही होती. अंग सुती, पदर लाल रेशमाचा, आणि तो पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला. त्यावर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाची चोळी, पुढे गाठीची. आता त्याच खणाच्या पर्स, तोरणं आणि डायऱ्यांची कव्हरं येतात. मलाही त्या शिवाव्या लागतात. कापड इतकं देखणं की कातर लावताना हात अडखळतो, पण ऑर्डर ती ऑर्डर.

एकदा अशाच एका मासेवालीने दुकानात टांगलेली जांभळी पेशवाई बराच वेळ न्याहाळली, चेन वर-खाली करून पाहिली आणि विचारलं, "ह्या नेसान पाण्यात उतरशीत काय गो?" मी म्हटलं, मावशी, ही स्टेजवर उतरायला आहे. तिला ते पटलं नसावं.

समोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. तिथल्या शिवराजेश्वर मंदिरात, राजाराम महाराजांनी बांधलेल्या, शिवाजी महाराजांची मूर्ती बिनदाढीची आणि नावाड्याच्या वेशात आहे. मुंबईचे पाहुणे ती पाहून गोंधळतात. जिरेटोप कुठाय म्हणून विचारतात. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

आता थोडं पुरुषांविषयी. सिंधुदुर्गात आज चांगली नऊवारी कोण नेसतं असं मला कुणी विचारलं, तर मी पुरुषांचं नाव घेईन. दशावतारी नाटकात स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका, करणारे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्र-रात्र खेळ. आरसा टेकवायला देवळामागचा खांब, उजेडाला एक बल्ब, आणि हा गडी स्वतःचा चेहरा स्वतः रंगवून, स्वतःची साडी स्वतः नेसून पहाटेपर्यंत द्रौपदी, तारामती, नाहीतर कुणी देवी होतो. संहिता हातात नाही, संवाद तोंडाला येतील ते, पण निरी मात्र जागेवरच. त्यांतला एक माझं गिऱ्हाईक आहे, ब्लाउज माझ्याकडे शिवतो. त्याला मी एकदा सुचवलं की शिवूनच घे, वेळ वाचेल. तो म्हणाला, "बाये, माका चेनीचां लुगडां नको. नाचताना चेन तुटली तर द्रौपदीचां खराखुरां वस्त्रहरण होतलां, मगे कृष्ण खंयसून हाडू?" त्याच्याकडून मी एक गोष्ट उचलली. गाठ मारण्याआधी वरच्या काठाला तो एक पीळ देतो, त्याने रेशीमही सरकत नाही. माझ्या नेसत्या गिऱ्हाइकांना मी आता तेच शिकवते.

दसऱ्याला देवाच्या तरंगांना लुगडी नेसवतात ती कामगिरीही पुरुषांचीच. लाकडी काठी, तिच्यावर लुगड्यांच्या निऱ्यांचे थर, दोरीने आवळून बांधलेले. तो तरंग खांद्याशी घेऊन माणूस घुमतो, धावतो, पण निरी सुटत नाही. गौरीचंही आमच्याकडे असंच, तेरड्याच्या रोपांची जुडी, तिला मुखवटा आणि नेसवलेलं लुगडं. हल्ली गौरीलाही शिवलेली साडी मागतात. मी शिवून देत नाही. तेरडा दरवर्षी एका जाडीचा येत नाही, मग कमरेचं माप घेऊ कुणाचं?

पुरुषांच्या स्वतःच्या कपड्यांची कथा लहान आहे. आजोबा घरी आणि आगरात पंचा नेसायचे. धोतर, सदरा आणि टोपी खुंटीला, कोर्टकचेरी आणि लग्नकार्यासाठी. माडावर चढणाऱ्या भंडाऱ्यांना तर कमरेला कोयता अडकवता येईल एवढंच वस्त्र पुरे होतं. आता गणपतीत नातू रेडिमेड धोतर घालतात, इलॅस्टिकचं, बाजूला खिसा, वर जाकीट. बिघडलं काही नाही, फक्त आरतीला टाळ वाजवताना ते इलॅस्टिक खाली येतं आणि मग एक हात टाळाला, एक हात धोतराला. याउलट चतुर्थीला आमचे तरुण भटजी काष्टा मारलेलं सोवळं नेसून मोटरसायकलवर टांग टाकून वाडीवाडीने फिरतात. दहा घरचे गणपती बसवून होईतो सोगा जागचा हलत नाही. नेसलेल्या कापडाची याहून चांगली जाहिरात मी पाहिलेली नाही.

लुगडी गेली कशी, असं मला विचारतात. माझ्या घरापुरतं सांगते. काका लालबागला राहायचे, गिरणीत कामाला. गणपतीला त्यांच्या ट्रंकेतून लुगडी, धोतरजोड्या, मांजरपाटाचे तागे यायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या घरी ट्रंक यायची थांबली. पण आई त्याच्या आधीच गोल साडीवर गेली होती. कापड कमी, भाव कमी, शाळेत नोकरीला जाताना बरं दिसतं. फक्त गोल साडी वर खोचून चिखलात उभं राहणं जमेना. आत परकर, तो ओला झाला की पायांना चिकटतो.

आणि इथे मॅक्सी आली. व्याख्यानात हमखास ऐकू येतं, बायका गाऊनवर हिंडतात, संस्कृती बुडाली. बोलणारा स्वतः जीन्समध्ये. त्याने आषाढात एकदा मळ्याकडे यावं. लावणीला उतरलेल्या बायका पाहाव्यात. मॅक्सी गुडघ्यापर्यंत खोचलेली, वर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल, इरल्याच्या जागी प्लास्टिकचा कागद. धुवायला सोपी, वाळायला हलकी, फाटली तर हळहळ नाही. आजीचं लुगडं जे काम करायचं ते आज मॅक्सी करते. नऊवारीची वारस मला तीच वाटते. माझ्या भिंतीवर टांगलेली जांभळी पेशवाई दिसायला तिची नात असेल, कामाला नाही.

म्हणून मी आता शेतासाठी वेगळी मॅक्सी शिवते. सुती कापड, कारण सिंथेटिक पावसाळ्यात सुकतं खरं, पण घामाने अंगाला चिकटतं आणि कुबट वास सोडत नाही. लांबी पोटरीपर्यंतच. दोन्ही बाजूंना खोल खिसे, त्यातल्या एकाला झाकण, मोबाइल भिजू नये म्हणून. आणि बाजूच्या शिवणीत, कमरेच्या खाली, दोन कापडी बंद. खालचा घेर उचलून त्यात बांधला की मॅक्सी गुडघ्यावर थांबते, सारखी खोचावी लागत नाही. हे बंद देण्याची कल्पना एका मजुरीला जाणाऱ्या बाईची. तिने स्वतःच्या मॅक्सीला सुतळी शिवून घेतली होती. मी सुतळीच्या जागी कापड घातलं, एवढंच.

ज्यांना हव्यात त्यांनी मिरगाची वाट न बघता मे महिन्याच्या सुरुवातीलाच माप देऊन जावं. कापड आपलं आणलं तर थोडं जास्त आणा, धुतल्यावर आटतं. लग्नाच्या नऊवाऱ्या आणि शेतातल्या मॅक्स्या नेमक्या एकाच वेळी दुकानात येतात. नवरीची आई फोनवर फोन करते, आणि लावणीवाल्या बायका दारात येऊन बसतात. दारात बसलेल्यांचं काम आधी होतं.