सेलमधील आकड्याचा अर्थ

नकाशा वाचणे वेगळे आणि नकाशावर गणित करणे वेगळे. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस, वापरताना हा फरक जितक्या लवकर अंगवळणी पडेल तितके पुढचे काम सोपे जाते. पडद्यावर रंग दिसत असले तरी रास्टर थर हे मुळात आकड्यांनी भरलेले कोष्टक असते. त्यातील प्रत्येक चौकोनाची, ज्याला आम्ही सेल म्हणतो त्याची, जमिनीवरील जागा ठरलेली असते आणि त्या जागेविषयीचा एक आकडा त्यात साठवलेला असतो. दोन थरांची बेरीज करा असे सांगितले की संगणक लाखो सेलांत एका दमात बेरीज करतो आणि ती करण्यास कधीही नकार देत नाही. त्या बेरजेला काही अर्थ आहे का, हे पाहण्याची जबाबदारी मात्र सर्वस्वी आपली असते, आणि माझ्या अनुभवात बहुतेक चुका पहिली बेरीज होण्याआधीच घडून गेलेल्या असतात.

एकावर एक थर ठेवण्याची पद्धत संगणकावर येण्याआधी कागदावर होती. भूदृश्य रचनाकार इयान मॅकहार्ग यांनी १९६०च्या दशकात महामार्गाची आखणी करताना उतार, माती, जंगल अशा घटकांच्या कमी-अधिक गडद छटा (अडचण जास्त तेथे छटा गडद) पारदर्शक कागदांवर उतरवल्या, ते कागद एकावर एक ठेवले आणि सर्वांत फिकट दिसणाऱ्या पट्ट्यातून रस्ता न्यावा असे सुचवले. पुढे १९८०च्या दशकात जीआयएसचे अभ्यासक डाना टॉमलिन यांनी या कल्पनेला रीतसर व्याकरण दिले. त्यांच्या नकाशा-बीजगणितात काही क्रिया एकाच जागेवरील सेलांपुरत्या असतात, काही भोवतालच्या सेलांकडे पाहून उत्तर देतात आणि काही एखाद्या पूर्ण विभागाची, उदाहरणार्थ एका पाणलोट क्षेत्राची, सरासरी किंवा बेरीज काढतात. आज आपण वापरतो ती रास्टरची बहुतेक साधने या तीन कुळांत बसतात.

या व्याकरणाला एक अट आहे, आणि ती आकड्याच्या जातीची आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मापनाच्या चार पातळ्या सांगितल्या: नामदर्शक (आकडा म्हणजे केवळ नाव), क्रमदर्शक (आकडा फक्त क्रम सांगतो), अंतराल (आकड्यांतील फरकालाही अर्थ असतो) आणि गुणोत्तर (किती पट, यालाही अर्थ असतो). जमीनवापराच्या थरात ३ म्हणजे जंगल आणि ४ म्हणजे शेती असेल, तर तेथे ३.५ या आकड्याला काहीही अर्थ नाही. हे सर्वांना पटते. परंतु क्रमदर्शक आकड्यांच्या बाबतीत तीच चूक राजरोस केली जाते, कारण ती शास्त्रशुद्ध दिसते.

कचरा भरावासाठी जागा शोधायची आहे असे समजू. उतार आणि ओढ्यापासूनचे अंतर या दोन घटकांना आपण १ ते ९ असे गुण दिले. ९ म्हणजे उत्तम. पहिला सेल अगदी सपाट आहे, म्हणून उताराचे गुण ९, पण तो ओढ्याच्या काठावरच आहे, म्हणून अंतराचे गुण १. दुसऱ्या सेलला दोन्ही बाबतींत ५ गुण आहेत. दोन्ही घटकांना सारखा भार दिला तर दोन्ही सेलांची सरासरी ५ येते. उताराला ०.६ आणि अंतराला ०.४ भार दिला तर पहिल्याचे ५.८ होतात, दुसऱ्याचे ५ राहतात आणि ओढ्याचा काठ पसंतीस उतरतो! जमिनीच्या सपाटपणाने पाण्याच्या जवळिकीची भरपाई होते, असे आपण कोठेही म्हटले नव्हते; बेरीज या क्रियेने ते आपल्या वतीने म्हणून टाकले. म्हणून जी अट मोडून चालणार नाही, ती गुणांत मिसळू नये. तिचा ० किंवा १ असा वेगळा थर करून त्याने गुणावे, आणि जेथे सर्वांत कमकुवत घटकच निर्णायक असतो तेथे सरासरीऐवजी किमान मूल्य घ्यावे.

आकड्याच्या जातीइतकेच त्याचे एकक महत्त्वाचे. सुरुवातीच्या काळात मी उंचीच्या थरावरून उतार काढला आणि जवळजवळ सगळा प्रदेश उभ्या कड्यासारखा, ९० अंशांच्या आसपास, आला. उंची मीटरमध्ये होती आणि सेलची रुंदी अंशांमध्ये. एक सेकंदाचा, म्हणजे अंशाच्या ३,६००व्या भागाचा, सेल उत्तर-दक्षिण सुमारे ३० मीटर असतो. दोन सेलांत जमीन ६ मीटर चढली तर उतार ६ भागिले ६०, म्हणजे १० टक्के. पण तेच ६ जर अंशातील अंतराने भागले तर उत्तर १०,८०० येते. योग्य प्रक्षेपण दिल्यावर, म्हणजे गोल पृथ्वीवरील अंश सपाट नकाशावरील मीटरमध्ये बदलल्यावर, टेकड्या पुन्हा टेकड्या झाल्या. अशी ढोबळ चूक निदान डोळ्यांना दिसते. त्याहून अवघड आहे ते आकडा कशाचा आहे हे ओळखणे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून रडारने मोजलेल्या ज्या उंच्या आजही जगभर वापरल्या जातात, त्या दाट जंगलात जमिनीच्या नसून बऱ्याच अंशी झाडांच्या माथ्याकडच्या आहेत. त्यामुळे जंगलाच्या कडेला नकाशात एक पायरी दिसते, जी जमिनीवर नाही, आणि उतारावर आधारलेले पुढचे प्रत्येक गणित ती पायरी खरी मानून चालते.

मॉडेल म्हणजे माझ्या मते ही सारी गृहीतके क्रमाने लिहून ठेवणे. क्यूजीआयएस या मुक्त जीआयएस सॉफ्टवेअरमधील मॉडेल डिझायनरमध्ये टप्प्यांची आकृती तयार केली की कोणता थर कोठून आला, कोणता भार कोणी धरला, हे दुसऱ्याला दिसते आणि बदलून पाहता येते. मी स्वतः प्रत्येक भार थोडा वर-खाली करून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतो आणि सर्व फेऱ्यांत टिकलेले सेल वेगळे काढतो. अनेकदा ते अंतिम नकाशातील ठळक पट्ट्यापेक्षा खूपच थोडे असतात.

तरीही एक चूक मला भार बदलून सापडली नव्हती. किमान खर्चाचा मार्ग, म्हणजे वाटेतील सेलांना दिलेल्या खर्चांची बेरीज सर्वांत कमी येईल असा मार्ग, काढताना नदीच्या सेलांना मी फार मोठा खर्च दिला होता आणि पुलांना अगदी कमी. मार्ग मात्र पुलापासून दूर, भलत्याच ठिकाणी नदी ओलांडून गेला. नकाशा मोठा करत करत सुटे सेल दिसू लागले तेव्हा कारण कळले. तिरप्या वाहणाऱ्या नदीचे सेल एकमेकांना फक्त कोपऱ्यांत चिकटलेले होते, आणि आठही दिशांना जाऊ शकणारा मार्ग दुसऱ्या कर्णाने नेमक्या त्या कोपऱ्यातून, नदीच्या एकाही सेलमध्ये पाऊल न ठेवता, पलीकडे निसटला होता. गणिताच्या दृष्टीने तेथे नदीच नव्हती. मी नदीचा थर एका सेलने रुंद केला, पुलांच्या जागा नंतर स्वतंत्र थराने मोकळ्या केल्या आणि मॉडेल पुन्हा चालवले. या वेळी मार्ग बराच लांबला, नदीच्या काठाकाठाने गेला आणि पुलावर वळला.