नव्या पिकअपमध्ये काय बंद करावे आणि काय करू नये

खानापूर तालुक्यातून बेळगावच्या बाजार समितीत आणि तिथून चोर्ला घाटाने गोव्याला भाजी नेणाऱ्या आम्हा लोकांच्या हाती ज्या नव्या पिकअप येत आहेत, त्यांत न मागता मिळालेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बरीच असते. त्यातले नको ते बंद करण्याचा मालकाला हक्क आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते कंपनीने दिलेल्या बटणाने किंवा सेटिंगमधून बंद करावे. वायरींना हात लावू नये.

गाडी थांबताच इंजिन आपोआप बंद करणारी सोय लांब सिग्नलवर डिझेल वाचवते, हे मान्य आहे. परंतु बाजार समितीच्या फाटकाबाहेर पहाटेच्या रांगेत गाडी दहा-दहा फूट सरकत असताना इंजिन सतत बंद-चालू होणे हा निव्वळ त्रास आहे. बाणाच्या वर्तुळात ‘ए’ अक्षर असलेले बटण दाबले की ही सोय बंद होते. पण चावी फिरवून गाडी पुन्हा सुरू केली की तीही पुन्हा सुरू. मालकाने एकदा नाही म्हटलेले गाडीच्या लक्षात राहायला हवे.

ट्रॅक्शन कंट्रोलचा प्रश्न अधिक विचाराचा आहे. कोणते चाक घसरते आहे हे सेन्सर ओळखतात, मग त्या चाकाला ब्रेक लागतो आणि इंजिनाची ताकद कमी केली जाते. ओल्या घाटात नेमके हेच हवे असते. पण रिकाम्या हौद्याची, मागच्या चाकांवर वजनच नसलेली पिकअप जांबोटीकडच्या पावसात शेतवाटेच्या तांबड्या चिखलात रुतली, की ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन जोर धरत नाही आणि गाडी जागची हलत नाही. अशा वेळी चाकांना थोडे फिरू द्यावे लागते. घसरत्या गाडीचे चित्र असलेले बटण दाबून यंत्रणा बंद करावी, चाकांखाली दगड किंवा फांद्या घालाव्यात, सावकाश बाहेर पडावे आणि डांबरी रस्ता लागताच ती पुन्हा चालू करावी. कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाटाच्या धुक्यात ती बंद ठेवून उतरणे मला मुळीच मान्य नाही.

शेजारच्या सीटवर टोमॅटोचा क्रेट ठेवला की सेन्सर त्याला माणूस समजतो आणि पट्ट्याचा बझर वाजत राहतो. “काका, दोन वायरी जोडून देतो, कटकट कायमची मिटेल,” असे एका इलेक्ट्रिशियनने मला सुचवले होते. मी नकार दिला, कारण सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगच्या सर्किटचे असतात. तिथे बिघाड झाला की डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागतो आणि मग अपघातात ती उघडेल याचा भरवसा उरत नाही. पट्ट्याऐवजी खाचेत अडकवून बझर फसवणाऱ्या नुसत्या क्लिपाही नकोतच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या हटवायला लावल्या, तेव्हा अशा 13,118 जाहिराती उतरवल्या गेल्या. त्यापेक्षा खरा पट्टाच क्रेटवरून ओढून अडकवावा. आवाज थांबतो आणि जोरात ब्रेक लागला तरी क्रेट गिअरवर येऊन आदळत नाही.

फाळका उघडा ठेवून, बाहेर आलेल्या बांबूंसह गाडी मागे घेताना ओरडणारा रिव्हर्स सेन्सर बटणाने तात्पुरता बंद करायला हरकत नाही, मात्र मागे माणूस उभा करावा. मालवाहू गाड्यांच्या ताशी 80 किलोमीटरच्या वेगनियंत्रकाला कोणीही हात लावू नये. गाडीत बेकायदा बदल केल्यास, मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी, सही करायच्या आधीच, यातले प्रत्येक बटण शोरूमच्या माणसाकडून चालू-बंद करून दाखवून घ्यावे आणि कोणती सेटिंग गाडी बंद केल्यावरही टिकते, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे.