पेन्सिलीतला आकडा

मंगळवार, रात्री

आज दुपारी माझी विद्यार्थिनी धावतच आली. लॅबमध्ये धावायचं नाही हे तिला मीच शिकवलंय, पण तिचा चेहरा बघून मी काही बोलले नाही.

"मॅडम, तेवीस पूर्णांक चार!"

आमच्या गटाचा पेरोव्हस्काइट सेल, म्हणजे त्या नावाच्या स्फटिकी पदार्थाचा सोलर सेल, आजवर २०.६ टक्क्यांच्या पुढे गेलेला नाही; पडलेल्या प्रकाशाची एवढीच वीज करतो. दोन वर्षं तिथेच घुटमळतोय. एका रात्रीत जवळजवळ तीन टक्क्यांची उडी म्हणजे या धंद्यात घबाडच. क्षणभर मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग सवयीने नजर कार्यक्षमतेच्या आकड्यावरून सरकून विद्युतधारेवर गेली. दर चौरस सेंटिमीटरला २६.८ मिलिअँपिअर. आणि आनंद तिथेच विरला.

आमच्या पदार्थाचा बँड गॅप, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, साधारण १.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. त्याहून कमी ऊर्जेचे फोटॉन त्यातून आरपार निघून जातात. उरलेल्यांपैकी एकेकाने फार तर एकेक इलेक्ट्रॉन मोकळा करायचा. प्रमाणित ऊन, म्हणजे दर चौरस मीटरला १००० वॅट, धरून हे फोटॉन मोजले तर धारा भरते साडेपंचवीस मिलिअँपिअरच्या आसपास, तीही एकसुद्धा फोटॉन वाया गेला नाही तर. इथे तर काचेवरून परावर्तन होतं, मधले थर थोडा प्रकाश खातात. आमचा सेल मिळकतीपेक्षा जास्त खर्च करत होता.

मी एवढंच विचारलं, "मास्क कुठला लावलास?"

"नवा. जुन्याची कड वाकली होती ना."

मास्क म्हणजे सेलवर ठेवायचा काळा पातळ पत्रा, मधे चौकोनी भोक. भोकातून जेवढा प्रकाश आत जाईल तेवढंच सेलचं क्षेत्रफळ धरायचं. आमचं भोक ०.१ चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे बाजू ३.१६ मिलिमीटर. मायक्रोस्कोपखाली नवा मास्क ठेवला. बाजू भरली ३.३६. फरक मिलिमीटरच्या दोन दशांशांचा, पण क्षेत्रफळ जवळजवळ तेरा टक्क्यांनी वाढलं. तिने तिथेच भागाकार केला. २०.७.

ती काहीच बोलली नाही. मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण माझ्या गाइडनी माझ्या पाठीवर कधी ठेवला नव्हता, त्यामुळे ते जमत नाही. मी म्हटलं, "२०.७ म्हणजे आपला आजवरचा सर्वांत चांगला सेल." खरंच होतं ते. पण २३.४ ऐकल्यानंतर २०.७ कोणाला गोड लागणार?

आमच्या लॅबमध्ये एक पद्धत आहे. नवा आकडा नोंदवहीत पेन्सिलीने लिहायचा. दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या दिवशी, जमलं तर दुसऱ्या पद्धतीने मोजून तो जुळला, की मगच पेनाने. तिने २३.४ पेनाने लिहिला होता. आता त्यावर एक रेघ मारून, आकडा वाचता येईल असा ठेवून, शेजारी सही करावी लागली. खोडरबर चालत नाही पेनाला, आणि व्हाइटनर आमच्याकडे बंदी असलेला पदार्थ आहे. शिशाच्या क्षारांपेक्षा कडक बंदी.

बुधवार

सकाळी तोच सेल क्वांटम एफिशियन्सीच्या यंत्रावर लावला. यात एकेका तरंगलांबीचा प्रकाश टाकून किती फोटॉनांमागे किती इलेक्ट्रॉन निघाले ते मोजतात आणि मग सगळ्याची बेरीज करतात. उत्तर आलं २३.५ मिलिअँपिअर. कालची २६.८ ची धारा मास्कच्या खऱ्या क्षेत्रफळाने दुरुस्त केली की २३.७ येते, तिच्याशी जुळलं. म्हणजे सेल प्रामाणिक आहे, चूक पत्र्याची होती.

दुपारी एक पदवीचा मुलगा भेटायला आला होता. सौरऊर्जेत संशोधन करायचंय म्हणाला. "कशी असते करिअर?" मी त्याला काहीबाही सांगितलं. अभ्यासक्रम, पीएचडीची चार-पाच वर्षं, मग पोस्टडॉक, दर दोन-तीन वर्षांनी संपणारे करार. ते सगळं खरं आहे, पण जे सांगायला हवं होतं ते आता सुचतंय.

माझी पीएचडी ॲमॉर्फस सिलिकॉनवर. स्फटिक नसलेलं, काचेवर पातळ थरात चढवलेलं सिलिकॉन. कॅल्क्युलेटरच्या डोक्यावर जी गडद पट्टी असते ना, ती बहुतेक वेळा हीच. त्यातली गोम १९७७ सालीच स्टेबलर आणि व्रॉन्स्की यांनी दाखवून दिली होती: हा पदार्थ उजेडात ठेवला की बिघडतो. सोलर सेलचा पदार्थ, आणि त्याला प्रकाशच सोसत नाही! दीडशे अंशांच्या आसपास काही तास तापवला की पुन्हा ताळ्यावर येतो, पुन्हा उजेडात ठेवला की पुन्हा बिघडतो. साडेचार वर्षं मी हेच केलं. तापवा, उजेडात ठेवा, मोजा. थरात हायड्रोजन कुठे बसतो आणि कुठून निसटतो याबद्दल मला जे माहीत आहे ते आता जगात फार थोड्या लोकांच्या कामाचं आहे. स्फटिक सिलिकॉन इतकं स्वस्त झालं, की आमचं क्षेत्र ओसाड पडलं. आमचं विज्ञान चुकलं नव्हतं, पण कारखाने दुसऱ्या वाटेने गेले.

मग मी डाय सेलमध्ये शिरले. ओरेगन आणि ग्रेट्झेल यांचा १९९१ चा शोधनिबंध सगळ्यांना तोंडपाठ होता: टायटॅनियम डायऑक्साइडचे कण, त्यावर रंगद्रव्य, आणि स्वस्तात सुमारे सात टक्के. सुंदर कल्पना. फक्त आत द्रव इलेक्ट्रोलाइट, आणि तो गळायचा. आयोडीनच्या तपकिरी डागांचे माझे दोन ॲप्रन अजून कपाटात आहेत.

२००९ साली मियासाका यांच्या गटाने त्याच रचनेत रंगद्रव्याऐवजी पेरोव्हस्काइट वापरला. ३.८ टक्के. तो निबंध मी तेव्हाच वाचला होता. सेल द्रवात लवकर खराब होतो हेही वाचलं, आणि पान उलटलं. जो पदार्थ टिकत नाही त्यात काय बघायचं? ॲमॉर्फस सिलिकॉनवर साडेचार वर्षं घालवलेल्या बाईने हे म्हणावं! तीन वर्षांनी, २०१२ मध्ये, द्रव काढून टाकून घन थर बसवले गेले आणि आकडा दहाच्या घरात गेला. मग जो तो तिकडे धावला. मीही धावले, उशिराने. आज एकट्या पेरोव्हस्काइटचे विक्रमी सेल पंचवीस टक्क्यांच्या वर आहेत आणि सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट चढवलेले टँडेम सेल तेहतीसच्याही पुढे गेलेत. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादाच साडेएकोणतीसच्या जवळ आहे, म्हणजे ती भिंत ओलांडून झाली.

त्या मुलाला हे सांगायला हवं होतं, की तू निवडलेला पदार्थ कदाचित तुझ्या निवृत्तीपर्यंत टिकणार नाही. मी तीन बदलले. दर वेळी नवं रसायन, नवी यंत्रं, आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मुलांकडून शिकायचं. सोबत आलं ते फक्त मोजणं. धारा, व्होल्टेज, आणि फिल फॅक्टर, म्हणजे त्या दोघांच्या गुणाकारातला प्रत्यक्ष हाती येणारा वाटा. तिन्ही पदार्थांना तीच तीन मापं लागतात, आणि तिन्ही वेळा माणसं तिथेच फसतात.

(त्याने "रोज उन्हात काम असेल ना?" असंही विचारलं होतं. खिडकी नसलेल्या खोलीत झेनॉनच्या दिव्याखाली, बाबा रे, दिवसभर हिरव्या हातमोज्यांत. हसू आवरलं मी.)

शुक्रवार

गुरुवार गेला अहवाल लिहिण्यात. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आज चेंबर, म्हणजे सेल उष्ण-दमट हवेत ठेवायची पेटी, उघडायचा दिवस. ८५ अंश सेल्सिअस, ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता, १००० तास. पॅनलच्या प्रमाणित चाचण्यांतली ही एक, आणि आमच्यासारख्यांची झोप उडवणारी. १००० तास म्हणजे बेचाळीस दिवससुद्धा नाहीत. पॅनलने टिकायला हवं त्या पंचवीस वर्षांचे तास होतात दोन लाख एकोणीस हजार. हा हिशेब मी दर वेळी करते आणि दर वेळी तो मला आवडत नाही.

दार उघडलं की आधी रंग बघायचा. पेरोव्हस्काइटचा चांगला थर गडद, जवळजवळ काळा असतो. ओल आत शिरली की थरातलं लेड आयोडाइड, हा शिशाचा पिवळा क्षार, सुटं होतं आणि कडेपासून पिवळेपणा आत सरकायला लागतो. मोजायची गरजच नसते, मेलेला सेल लांबून दिसतो. गेल्या खेपेला बारापैकी नऊ हळदीसारखे पिवळे निघाले होते.

यात एक गंमत आहे. १९५४ साली बेल लॅब्जमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा पहिला कामाचा सोलर सेल दाखवला, सहा टक्क्यांचा. त्याची सुरुवात कशी झाली? उष्ण, दमट प्रदेशांत टेलिफोनच्या यंत्रणेतल्या कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब व्हायच्या, म्हणून चॅपिन पर्याय शोधत होते. सेलेनियमचे सेल त्यांनी आधी वापरून पाहिले, ते अर्ध्या टक्क्याच्या पुढे जाईनात. म्हणजे हा सगळा खटाटोप दमटपणापायी सुरू झाला. आणि सत्तर वर्षांनी मी दमटपणात मरणारे सेल मोजत बसलेय.

चारच वर्षांनी, १९५८ मध्ये, व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह सहा छोटे सोलर सेल-संच अंगावर लावून वर गेला. त्यातला बॅटरीवरचा ट्रान्समीटर काही महिन्यांतच बंद पडला, सेलवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. पण तिथे दमट हवा नाही, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो.

तर आज दार उघडलं आणि बाराही सेल काळे होते. बाराही! नव्या सीलबंदीचा हा पहिलाच घाणा. मी स्वतः एकेक उचलून दिव्याखाली ठेवला, कुणालाही हात लावू दिला नाही. सरासरी कार्यक्षमता आली सुरुवातीच्या ९६ टक्के. हजार तासांनंतर शहाण्णव. मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग नोंदवही उघडली, आणि हातात पेन होतं.

विद्यार्थिनी मागे उभी होती. बराच वेळ गप्प. मग अगदी हळू म्हणाली, "मॅडम, दिव्याचा बल्ब मागच्या आठवड्यात बदलला ना? त्यानंतर रेफरन्स सेल ठेवून बघितलाय का?"

बल्ब मीच बदलला होता. घाईत.

रेफरन्स सेल, म्हणजे ज्याचा आकडा आधीच पक्का माहीत असतो तो, दिव्याखाली ठेवला. दिवा तीन टक्के जास्त तेजस्वी. भागाकार आता मला करायचा होता. ९३ आणि थोडं वर.

मी पेन खिशात ठेवलं. तिने तिच्या ॲप्रनच्या खिशातून पेन्सिल काढून दिली, टोक केलेली. सोमवारी तिन्ही मापं ती पुन्हा घेणार आहे, माझा आकडा न बघता. तेवढ्यासाठी आजचं पान मी चिकटपट्टी लावून बंद केलंय.