गोथेनबर्गमध्ये आधार शोधताना: माझा अनुभव

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातून स्वीडनमधील गोथेनबर्गला अनेक मराठी कुटुंबे येतात, कारण १९२७ साली जिथे व्होल्वोची पहिली मोटार तयार झाली त्या या शहरात वाहन उद्योगाला अजूनही अभियंते लागतात. नोकरीवर रुजू होणाऱ्याला कार्यालय असते, सहकारी असतात, अडचण विचारायला कोणीतरी असते. त्याच्या परवान्यावर सोबत आलेल्या जोडीदाराकडे यातले काहीच नसते. मी लहान मुलीला घेऊन अशीच या शहरात आले. येथील आधाराच्या आणि सुरक्षेच्या व्यवस्थांपर्यंत मी कशी पोहोचले, हे मुख्यतः अशाच जोडीदारांसाठी लिहीत आहे.

सुरुवात अर्थातच पर्सनल नंबरापासून होते. स्वीडनमध्ये रहिवाशांची नोंदणी कर विभाग करतो आणि निदान वर्षभर राहणाऱ्याला जन्मतारीख व तिच्यापुढे चार अंक असा क्रमांक देतो. त्यासाठी पासपोर्ट आणि निवास परवान्याचे कार्ड घेऊन कुटुंबातील प्रत्येकाला, अगदी तान्ह्या बाळालाही, प्रत्यक्ष हजर राहावे लागते. विवाहाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला भारतातूनच अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात मान्य होणारे सरकारी प्रमाणन घेऊन आणावा, हे मी आवर्जून सांगेन. नंतर सासरच्या किंवा माहेरच्या मंडळींना मंत्रालयाच्या आणि परराष्ट्र खात्याच्या खेपा घालायला लावणे फार त्रासाचे होते. क्रमांक आला की पुढे ओळखपत्र, बँकेचे खाते, मोबाइलवरून ऑनलाइन ओळख पटवण्यासाठीचा बँक आयडी आणि नगरपालिकेचे मोफत स्वीडिश वर्ग अशी दारे एकामागून एक उघडतात. तो येईपर्यंतच्या पोकळ काळात काय करायचे, याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही.

त्या काळात मला उपयोगी पडली ती 'ओपन प्रीस्कूल' नावाची जागा. ही आपल्याकडच्या बालवाडीसारखी मूल सोडून परत येण्याची शाळा नव्हे. येथे पालकाने मुलासोबतच थांबायचे असते. नोंदणी नाही, शुल्क नाही, क्रमांकही कोणी विचारत नाही. दोघा पालकांना मिळून एका मुलामागे ४८० दिवसांचा पालकत्व भत्ता मिळत असल्याने तेथे वडीलही मोठ्या संख्येने असतात, आणि भर दुपारी सतरंजीवर बसून बाळाला गाणी म्हणून दाखवणारे चार-पाच उंच पुरुष पाहून मला सुरुवातीला बरेच अवघडल्यासारखे झाले होते. मी जिथे जात असे ती जागा कुटुंब केंद्राचा भाग होती. अशा केंद्रात गरोदर स्त्रियांना तपासणारी सुईण, लसीकरण पाहणारी बालआरोग्य परिचारिका, खेळायची खोली आणि नगरपालिकेच्या समाजसेवा विभागाची एक कर्मचारी अशी सगळी मंडळी एकाच छताखाली असतात. खेळायला म्हणून गेलेल्या बाईला शेजारच्या खोलीतले दार सहज दिसावे, हाच या रचनेमागचा हेतू असावा.

आपल्या लोकांच्या मनात सगळ्यात मोठी भीती असते ती याच समाजसेवा विभागाची. 'सोशलवाले मुले उचलून नेतात' हे वाक्य मी विमानतळावरून घरी पोहोचण्याच्या आधी ऐकले होते. या भीतीला पूर्णपणे निराधार म्हणता येत नाही, कारण मुलाला गंभीर धोका असल्यास पालकांच्या संमतीविनाही त्याला ताब्यात घेण्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु २०२१ च्या अखेरीपासून समाजमाध्यमांवर या विभागाविरुद्ध पद्धतशीर अपप्रचार झाला आणि त्यात खऱ्या-खोट्याची पार सरमिसळ झाली. केंद्रातील कर्मचारी बाईंना मी ही शंका सरळच विचारली. मुलांना मारणे येथे १९७९ पासून कायद्याने निषिद्ध आहे, शिक्षक आणि डॉक्टर यांना मुलाविषयी काळजी वाटली तर कळवणे बंधनकारक आहे, आणि तसे कळवल्यावर अनेकदा चौकशी, बोलणे व पालकांना मदत देऊ करणे एवढेच घडते, असे त्यांनी शांतपणे समजावले. माझे पूर्ण समाधान झाले असे नाही, पण त्या विभागातील एका माणसाचा चेहरा तरी माझ्या ओळखीचा झाला.

परिचारिकेने एका भेटीत, पती खोलीत नसताना, घरात तुम्हाला सुरक्षित वाटते का, असे विचारले होते. हा प्रश्न येथे सर्रास विचारला जातो, त्यामुळे तो मनाला लावून घेऊ नये आणि गरज असेल तर त्याचे खरे उत्तर द्यावे. दुभाष्या मोफत मिळतो, आणि अशा बोलण्यासाठी नवऱ्याला किंवा नातेवाइकाला दुभाष्या करू नये असा संकेत आहे. मराठीचा दुभाष्या क्वचितच उपलब्ध असतो. हिंदीचा फोनवर मिळू शकतो. स्त्रियांसाठीची ०२०-५० ५० ५० ही राष्ट्रीय हेल्पलाइन रात्रंदिवस चालते, तिच्यावर नाव सांगावे लागत नाही आणि केलेला फोन बिलावर दिसत नाही, ही माहितीही मला त्याच खोलीत मिळाली. मला तिची गरज पडली नाही. माझ्या ओळखीत एकीला पडली, आणि त्याविषयी लिहिण्याचा अधिकार तिचा आहे.

मला मदतीची गरज पडली ती वेगळ्या कारणाने. डिसेंबरात गोथेनबर्गमध्ये दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे चारच्या सुमारास अंधारून आलेले असते. अशाच वेळी हिसिंगेनमधील एका ट्राम थांब्यावर एक माणूस आमच्या रंगावरून आणि देशावरून अर्वाच्य ओरडत अंगावर आला आणि त्याने मुलीच्या बाबागाडीला लाथ मारली. एक वृद्ध स्वीडिश बाई आमच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या, तेवढ्यात ट्राम आली आणि तो निघून गेला. मुलीला इजा झाली नाही. घरी आल्यावर सगळ्यांचा सूर एकच होता, की जाऊ दे, परक्या देशात कशाला नसते लचांड. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्या अंगात इतके मुरलेले असते की पोलिसांना फोन करणे हेच आपल्याला संकटासारखे वाटते.

केंद्रातील त्या बाईंशी बोलल्यानंतर मी फोन केला. चालू असलेल्या संकटासाठी ११२ आणि घडून गेलेल्या गोष्टीसाठी ११४ १४, हा फरक ध्यानात ठेवावा. इंग्रजीत बोलता आले. जागा, वेळ, माणसाचे वर्णन, स्पर्श झाला का, हे विचारून झाल्यावर त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे सांगायला सांगितले. ते उच्चारताना लाज वाटते, पण ते सांगणे महत्त्वाचे आहे, कारण वंश किंवा वर्ण हा गुन्ह्याचा हेतू असेल तर स्वीडिश कायद्यानुसार शिक्षा वाढू शकते आणि म्हणून तशी नोंद तक्रारीतच व्हावी लागते. तक्रार लवकर करणेही आवश्यक असते, कारण कॅमेऱ्यांचे चित्रण मर्यादित काळच जपून ठेवले जाते. शेवटी तक्रारीचा क्रमांक मिळाला आणि पीडितांना मदत करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला तुमचा फोन नंबर द्यायचा का, असे विचारण्यात आले. मी होकार दिला.

काही काळाने पत्र आले की संशयित व्यक्तीची ओळख पटू न शकल्याने तपास थांबवला आहे. मला याची कल्पना होतीच, तरी वाचताना वाईट वाटले. त्या स्वयंसेवी संस्थेचा फोन मात्र त्याआधीच आला होता. ११६ ००६ हा तिचा राष्ट्रीय क्रमांक. बोलणाऱ्या बाई निवृत्त होत्या, हे काम विनामूल्य आणि गोपनीयतेच्या बंधनात राहून करतात. प्रकरण न्यायालयात गेले असते तर तेथे सोबतीला आधार देणारा स्वयंसेवक मिळाला असता, असे त्यांनी सांगितले. पण मला खरी मदत झाली ती साध्या प्रश्नांची. संध्याकाळी बाहेर पडणे टाळता का, त्या थांब्यावर पुन्हा गेलात का, झोप लागते का? मी तो थांबा सोडून पुढच्या थांब्यापर्यंत चालत जात होते, हे माझ्या लक्षात त्यांच्याशी बोलताना आले.

त्यांनीच मला 'सुरक्षा फेरी'विषयी सांगितले. अंधार पडल्यावर नगरपालिकेचे, घरमालक कंपन्यांचे आणि पोलिसांचे प्रतिनिधी रहिवाशांबरोबर वस्तीतून चालतात, जिथे भीती वाटते तिथे थांबतात आणि टिपणे घेतात. पुढच्या शरद ऋतूत मी गेले. मंडळी सोमालीत, अरबीत, स्वीडिशमध्ये बोलत होती, आणि तक्रारी मात्र सगळ्यांच्या त्याच होत्या: बंद पडलेला दिवा, बोगद्याच्या तोंडाशी न दिसणारे वळण, माणसाच्या उंचीपेक्षा वाढलेले कुंपणाचे झुडूप. थांब्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे दिवे हिवाळ्याआधी बदलले गेले. झुडूप तसेच आहे, कारण ती जागा नगरपालिकेची नसून एका खाजगी गृहनिर्माण सोसायटीची आहे आणि निर्णय तिच्या सभासदांनी घ्यायचा आहे. तिथे राहणाऱ्या, ओपन प्रीस्कूलमध्ये ओळख झालेल्या एका बाईंनी वार्षिक सभेसाठी ठराव दिला आहे. सभा वसंतात आहे.