सोमवती, भंडारा आणि दोन कॅमेरे

३० डिसेंबर २०२४ रोजी सोमवती अमावस्या होती आणि त्या दिवशी जेजुरीला मी दोन कॅमेरे घेऊन गेलो होतो. खंडोबाच्या उपासकांच्या परंपरांचे छायाचित्रण करण्याचे दीर्घ काम मी हाती घेतले होते आणि त्यासाठी एकच डिजिटल रेंजफाइंडर (लेन्समधून नव्हे, तर वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस करण्याचा कॅमेरा) विकत घेता येईल एवढी रक्कम साठवली होती. लायका एम११ घ्यावा की केवळ कृष्णधवल चित्रे टिपणारा एम११ मोनोक्रोम, हा प्रश्न कित्येक महिने सुटत नव्हता. अखेर दोन स्नेह्यांनी आपापला कॅमेरा एका दिवसासाठी माझ्या हवाली केला. फिल्मच्या काळापासून जपलेल्या माझ्या ३५ मिलिमीटरच्या दोन लेन्स मी त्यांवर चढवल्या आणि पहाटेच गडाच्या पायऱ्या गाठल्या.

मनाने मी मोनोक्रोम आधीच निवडला होता, हे येथे सांगायला हवे. दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर ६ कोटी पिक्सेलचा आहे, परंतु रंगीत कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेलवर एक सूक्ष्म रंगीत गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधील ब्राइस बायर यांनी १९७० च्या दशकात आखलेल्या या रचनेत निम्मे पिक्सेल हिरवा प्रकाश मोजतात आणि उरलेले लाल व निळ्यात समसमान वाटले जातात, म्हणजे ३ कोटी हिरवे, दीड कोटी लाल आणि दीड कोटी निळे. प्रत्येक पिक्सेलला जे दोन रंग दिसलेच नाहीत, ते शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. मोनोक्रोममध्ये ही गाळणीच नसते, म्हणून अंदाज करावा लागत नाही, प्रकाशही वाया जात नाही आणि सुमारे एका स्टॉपची, म्हणजे जवळपास दुप्पट, संवेदनशीलता पदरात पडते. ज्याने वीस वर्षे कृष्णधवल फिल्म धुतली, त्याला याहून मोठे प्रलोभन कोणते असणार?

पालखी निघाली तेव्हा ऊन स्वच्छ होते. 'येळकोट येळकोट जय मल्हार'च्या गजरात दोन्ही बाजूंनी भंडारा उधळला जात होता आणि अशा रेटारेटीत रेंजफाइंडर किती उपयोगी पडतो, याचा मला पुन्हा प्रत्यय आला. लेन्सचे छिद्र एफ/८ वर आणि अंतर तीन मीटरवर ठेवले की साधारण दोन मीटरपासून सहा-सात मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. मग फोकस न करता फक्त क्षण पाहायचा. चौकटीच्या रेषांबाहेरचेही दिसत असल्यामुळे कोणता हात भंडारा उधळण्यासाठी वर येतो आहे, हे आधीच कळते. मोनोक्रोमवर मी नारिंगी फिल्टर लावला होता. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून पाहत नाही, त्यामुळे फिल्टर कितीही गडद असला तरी डोळ्यांसमोरचे दृश्य उजळच राहते. मात्र त्याच कारणाने, सेन्सरला जे दिसणार नाही तेही आपल्याला दिसत राहते. खिडकीतून मी सोनेरी जेजुरी पाहत होतो आणि कॅमेरा दुसरेच काही नोंदवत होता.

पहिल्या तासातील मोनोक्रोमची बरीच चित्रे वाया गेली, आणि तो दोष माझाच होता. रंगीत कॅमेऱ्याच्या सवयीने मी एक्सपोजर दिले होते. रंगीत सेन्सरमध्ये जास्त प्रकाशाने एखाद्या रंगाची नोंद कमाल मर्यादेला भिडली तरी उरलेल्या रंगांतून तपशिलाचा काही भाग परत मिळवता येतो. येथे पांढरे झाले ते कायमचे गेले. एक ते दीड स्टॉप कमी प्रकाश देऊ लागल्यावर चित्रे सावरली, कारण या सेन्सरच्या सावल्यांमधून विलक्षण तपशील वर काढता येतो.

पालखी कऱ्हेकडे गेल्यावर पायऱ्यांच्या कडेला एका वयस्क मुरळीबाईंच्या शेजारी मी टेकलो. सकाळी त्यांचेही चित्र घेतले होते, म्हणून मोनोक्रोमच्या पडद्यावर ते त्यांना दाखवले. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "दादा, ह्यो भंडारा न्हाई वाटत. कुणी पीठ उधळल्यावानी दिसतंय."

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. हळद निळा प्रकाश शोषून घेते आणि हिरवा व लाल परतवते. त्यामुळे कृष्णधवल सेन्सरला ती उजळ राखाडी दिसते आणि नारिंगी फिल्टरने तर ती जवळजवळ पांढरी होते. आकाशाला उठाव यावा म्हणून लावलेल्या फिल्टरने मी देवाचा भंडारा पुसून टाकला होता. हळद गडद हवी असेल तर निळा फिल्टर लावावा लागेल, पण मग उन्हात रापलेले चेहरे काळवंडतील आणि आकाश पांढरे पडेल. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रे घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, कलोडियनचा लेप दिलेल्या काचा निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. त्या काचांवर हाच भंडारा काळसर उमटला असता, हे तेथे बसल्या बसल्या माझ्या मनात आले आणि मी अस्वस्थ झालो. राखाडीच्या कोणत्याही छटेला स्वतःहून हळद म्हणता येत नाही. जेथे भंडारा हाच प्रसाद असतो आणि तोच कपाळी लावला जातो, तेथे पिवळा हा चित्राचा अलंकार नसून त्याचा विषय असतो.

दुपारीच निर्णय झाला, असे मला वाटले. परंतु रात्री एका घरी जागरण होते, आणि तेथे दिवटीच्या उजेडात वाघ्या गाऊ लागला तेव्हा तो निर्णय पुन्हा डळमळला. तेलाच्या ज्योतीत निळा प्रकाश फारच थोडा असतो. रंगीत कॅमेऱ्याचे निळे पिक्सेल त्या उजेडात जवळपास उपाशी राहतात आणि रंगसंतुलन साधताना त्यांची क्षीण नोंद वाढवली की सावल्यांत डाग उमटतात. मोनोक्रोमला ही अडचणच नव्हती. आयएसओ (संवेदनशीलता) १२५००, छिद्र एफ/२ आणि सेकंदाचा साठावा भाग एवढ्यावर त्याने दिमडीवर ताणलेले कातडे, तुणतुण्याची तार आणि गाणाऱ्याच्या गळ्याच्या शिरा अशा काही टिपल्या, की त्यात दाणे दिसले तरी ते फिल्मच्या दाण्यांसारखे एकजीव होते. त्या रात्रीची अकरा चित्रे मी आजवर घेतलेल्या कृष्णधवल चित्रांतील सर्वोत्तम आहेत, असे मला आजही वाटते, आणि रंगीत कॅमेऱ्याच्या चित्राचे रूपांतर करून तशी चित्रे मला साधलेली नाहीत.

रंगीत चित्राचे कृष्णधवल करता येते, उलट करता येत नाही, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे; केवळ त्यासाठी मी मोनोक्रोम सोडला नसता. तयार झालेले रूपांतर आणि मुळातच रंगाविना टिपलेले चित्र यांत फरक आहे, आणि तो मोठ्या मुद्रणात नजरेत भरतो. मी एम११ घेतला तो त्या बाईंच्या एका वाक्यामुळे. रस्त्यावरची माणसे, घरांचे अंतर्भाग, रात्रीचा उजेड हे ज्याचे विषय असतील, त्याला मी आजही निःशंकपणे मोनोक्रोमच सुचवेन. माझ्या कामात मात्र ज्यांचे चित्र आहे त्यांना त्यात आपला भंडारा ओळखता आला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मोनोक्रोम परत करण्यापूर्वी मऊ ब्रशने मी तो बराच वेळ साफ करत बसलो. कॅमेरा स्वच्छ झाला, परंतु माझ्या लेन्सच्या फोकस रिंगच्या खाचांत हळद राहिलीच. ती लेन्स आता एम११ वर आहे.