स्मरणिकेसाठी परवानग्या मिळवताना

आमच्या वाचनालयाच्या शताब्दीची स्मरणिका काढायचं ठरलं आणि संपादनाचं काम माझ्याकडे आलं. आठवणींचे लेख भराभर जमले. पण गावातल्या पिढ्या ज्या कवितांवर वाढल्या, त्यांचा एक विभाग हवा होता, आणि खरं काम तिथे होतं. समितीत काहींचं म्हणणं पडलं, "खाली 'साभार' लिहू, म्हणजे झालं." मला ते पटेना. 'साभार' लिहिलं की श्रेय दिलं जातं, परवानगी मिळत नाही. कवीची ही दोन वेगळी देणी आहेत.

सुरुवात केली ती कवींच्या निधनाच्या सालांची यादी करून. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे साहित्यावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. ही वर्षं निधनानंतरच्या १ जानेवारीपासून मोजायची. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली, त्यामुळे तिथे प्रश्नच नव्हता. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणजे २०१७पासून त्यांची कविता सर्वांना खुली. कुसुमाग्रज मात्र १९९९ साली गेले. त्यांच्या कवितेवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. शाळेत पाठ केलेली कविता आपलीच वाटते, पण छापायची तर विचारावंच लागतं.

बहिणाबाईंपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. त्यांना लिहिता येत नव्हतं. ओठांवर आलेली गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली. बहिणाबाई १९५१च्या डिसेंबरात गेल्या आणि संग्रह निघाला १९५२ साली. लेखकाच्या मागे पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षं निधनापासून नाही, प्रकाशनापासून मोजतात. तरी ती २०१२ अखेर संपलीच. गाणी खुली. पण त्याच पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे आणि अत्रे गेले १९६९ साली. म्हणजे एकाच पुस्तकातली गाणी आपण मोकळेपणाने छापू शकतो, प्रस्तावना आख्खी छापायची तर २०२९ संपेपर्यंत हक्कधारकांची परवानगी हवी. आम्ही गाणी घेतली. परिचयाच्या लेखात प्रस्तावनेबद्दल लिहिताना तिच्यातल्या दोनच ओळी, अवतरणचिन्हांत, अत्र्यांच्या नावासकट दिल्या. समीक्षेसाठी एवढं उद्धृत करायला कायदा मुभा देतो. गाण्यांखाली बहिणाबाईंबरोबर ती टिपून ठेवणाऱ्यांचीही नावं घातली. त्यांनी ती उतरवली नसती तर आज आपल्या हाती काय राहिलं असतं?

बाकीच्या कवींसाठी पुस्तकांच्या सुरुवातीची पानं उघडली. कुठे 'सर्व हक्क लेखकाच्या स्वाधीन', कुठे वारसाचं नाव, कुठे फक्त प्रकाशकाचं. प्रकाशकाचं नाव आहे म्हणून हक्क त्याच्याकडेच असेल असं नाही. ते दोघांतल्या करारावर ठरतं. आमच्याच तालुक्यातल्या एका दिवंगत कवींचे हक्क तीन भावंडांकडे होते. थोरल्यांनी फोनवर आनंदाने होकार दिला, पण हक्क सामाईक असल्याने मी तिघांचीही लेखी संमती मागितली. बहीण इंदूरला. त्यांनी पत्राबरोबर वडिलांच्या हस्ताक्षरातली कविता पाठवली आणि छापील पुस्तकातली एक ओळ चुकलेली आहे हेही कळवलं. विचारलं नसतं तर आम्हीही ती चूक तशीच पुढे नेली असती.

पत्रात मी सगळं स्पष्ट लिहीत असे: कोणती कविता, कोणत्या आवृत्तीतून, किती प्रती निघणार, स्मरणिका विकणार की वाटणार, श्रेयाची ओळ कशी असेल, मानधन किती देऊ शकतो. एका प्रकाशनाकडून स्मरणपत्रांनंतरही उत्तर आलं नाही. मौनाला होकार धरायचा नसतो. ती कविता वगळली.

फोटोंचं गणित निराळं निघालं. फोटोची ६० वर्षं पूर्वी तो प्रसिद्ध झाल्यापासून मोजत, २०१२च्या दुरुस्तीनंतर ती फोटोग्राफरच्या निधनानंतर मोजतात. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून जुन्या समारंभांच्या फोटोंसाठी आधी त्या त्या घरी गेलो, मग स्टुडिओत. फोटोग्राफरचं नाव मात्र प्रत्येक चित्राखाली दिलं. विकिमीडिया कॉमन्स या मोकळ्या परवान्याच्या चित्रांच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या एका चित्राखाली छायाचित्रकाराचं नाव, परवान्याचा प्रकार आणि मूळ दुवा छापला, कारण ते वापरायची मोकळीक त्याच अटीवर होती.

ओव्यांच्या पानाबाबत मी हट्टच धरला. 'पारंपरिक' एवढंच लिहून गाणारीला पुसून टाकायचं नव्हतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करताना गाणाऱ्या बाईचं नाव, गाव नोंदवलं, तीच पद्धत आम्ही ठेवली. आजींना विचारून, त्यांना हवं तसं नाव घातलं. एकीने माहेरचं सांगितलं, तेच छापलं.

स्मरणिका निघाल्यावर प्रत्येक हक्कधारकाला प्रत पाठवली. पुढे समितीला पीडीएफ सर्वांसाठी ठेवायची होती. आमच्या परवानग्या फक्त छापील आवृत्तीपुरत्या होत्या, म्हणून मी पुन्हा पत्रं लिहिली. बहुतेकांनी हो म्हटलं. एका वारसांनी नको म्हटलं, तेव्हा पीडीएफमधून ते पान काढलं आणि तिथे कवीचं नाव, संग्रहाचं नाव आणि आमच्या कपाटातला पुस्तकाचा क्रमांक दिला.