कडीपाटाचा बाक: काळ्या डागांचा छडा लागला

मंडळी, ऑक्झॅलिक ॲसिड मारूनही जुन्या फळ्यांच्या बाकाच्या बैठकीवरचे दोन काळे डाग पुन्हा का उगवत होते, ते अखेर कळलं. खिळे आतच होते!

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: फळ्या वाड्याच्या कडीपाटाच्या, म्हणजे कड्यांवर फळ्या ठोकलेल्या लाकडी छताच्या, जुना साग. रंधा मारल्यावर आतून मधाचा रंग निघाला, फक्त जिथे लोहारी चौकोनी खिळे होते तिथे काळीनिळी वर्तुळं. लाकडातलं टॅनिन, लोखंड आणि ओल एकत्र आली की हे होणारच. पूर्वी लिहायची शाईसुद्धा टॅनिन आणि लोहक्षारापासूनच करत. त्यावर उतारा ऑक्झॅलिक ॲसिडचा. गरम पाण्यात विरघळवून अख्ख्या फळीला लावायचं, नुसतं डागावर लावलं तर तिथे फिकट ठिपका उरतो. वाळल्यावर भरपूर पाण्याने धुवायचं, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवायचं. वाळून वर येणारी पांढरी भुकटी घासू नका, नाकात गेली की आग होते. एवढं केलं, फळी लख्ख झाली. पहिल्या पावसाची झड गॅलरीत आली आणि दोन्ही डाग जागेवर हजर.

पेनासारखे मेटल डिटेक्टर मिळतात ते माझ्या मते खेळणं आहे, खोलातल्या तुकड्याला दादच देत नाहीत. शेवटी बंद पडलेल्या हार्डडिस्कमधलं चुंबक दोऱ्याला बांधून फळीवर लोंबकळत ठेवलं. डागाशी आलं की सरळ झुकायचं. फुकटात याहून चांगलं हत्यार नाही.

कळलं खरं, पण काढायचे कसे? डोकी गंजून कधीच उडालेली, पकडीला धरायला काही नाही. खिळे तिरके मारलेले, त्यामुळे मागून पंचने ठोकावं तर टोकाचा पत्ता नाही. ज्यांचं बोटभर टोक वर आहे त्यांना सोल्डरिंग आयर्नने तापवून, आधी हलकेच आत ठोकून मग ओढलं की गंजाची पकड सुटते. ते बरेच निघाले. हे दोन मात्र हट्टी.

मग १० मिमीच्या लोखंडी नळीचा तुकडा घेतला, तिकोनी कानशीने तोंडाला दात पाडले आणि ड्रिलला लावला. नुसता टेकवला तर तो फळीभर नाचतो. म्हणून प्लायच्या तुकड्याला त्याच मापाचं भोक पाडून तो शिकंज्याने आवळला, खिळ्याच्या कलानुसार थोडा तिरका. हळू चालवायचं, मधेमधे भुसा झटकायचा, धूर आला की थांबायचं. खिळ्याभोवतीचं लाकूड गोल कापलं गेलं आणि गाभा खिळ्यासकट बाहेर आला. गंजलेलं, वाकडं, पण अख्खं टोक! ते मी डबीत जपून ठेवलंय, घरचे हसतात.

भोकांना सागाचाच गुल्ला (लाकडी बूच) बसवून रेषा जुळवायच्या असं ठरलं होतं. पण आता वाटतंय, लपवायचं कशाला? शिसवीचे गुल्ले बसवतो, गडद ठिपके दिसू देत. गोंद लावण्याआधी सागाची भोकं ॲसिटोनने पुसा, लाकडाचं तेल गोंद धरू देत नाही. आणि नवे स्क्रू स्टेनलेसचे किंवा पितळीच, नाहीतर पुन्हा तेच काळं चक्र. पुण्याच्या बोहरी आळीत स्टेनलेस सुटे मिळतात. दुकानदार गॅल्व्हनाइज्ड गळ्यात मारायला बघेल, बधू नका. पावसाळी ओलीत जस्ताचा थर किती टिकणार?

हे लिहितानाच एक सुचलं. कडीपाटाच्या फळ्या कड्यांवर ठोकलेल्या असतात, त्यामुळे खिळे ओळीनेच येतात. उजव्या टोकाला अशी एक ओळ आहे, सगळ्यात खराब. तिथे एकेक खिळा उपसत बसण्यापेक्षा तेवढ्यात तीन गोल भोकं पाडून कुंड्या कंगोऱ्यावर अडकवल्या तर? खिळे भोकाबरोबरच जातील, बसायची जागा थोडी कमी होईल, पण पुदिना-ओवा हाताशी. फक्त करवतीची रेघ खिळ्यावर येता कामा नये, त्यामुळे आधी चुंबक फिरवून खडूने खुणा.

बाकाच्या पायांसाठी पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) वापरा असं दोघांनी सुचवलंय. एचटी (उष्णता दिलेलं) शिक्का असेल तर घरात चालेल, एमबीचं म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते भाजीच्या कुंड्यांजवळ नकोच. पण पाइनचे पाय पावसात कुजणार, म्हणून जुन्या चौकटीचा साग शोधतोय.

६ इंची होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) कुणी वापरलाय का? हातातल्या ड्रिलवर तो मनगट पिरगाळतो असं ऐकून आहे. तसं असेल तर मी जिगसॉनेच कापतो.